लाल भागातले नाकतोडे

साहेबांनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. समोरच्या कुरणाकडे पाहिलं, मग पुन्हा नकाशाकडे.

"यात लाल दाखवलंय," ते म्हणाले. "इथे तर सगळं सारखंच गवत आहे."

नकाशा खात्यातल्या नकाशेवालीने केला होता. उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवर डोळे फोडून तिने हे बसवलं होतं: गवत विरळ आणि जमीन उबदार, तिथे नाकतोडे. तो भाग लाल, बाकीचं कुरण हिरवं. आज लाल भागात नाकतोडे सापडले, तर फवारणी तेवढ्यावरच होणार होती. नाही सापडले, तर विमान दरवर्षीप्रमाणे सगळ्या कुरणावर विष शिंपडणार होतं, आणि मधमाश्यांना, पाखरांना नेहमीप्रमाणेच कोणी विचारणार नव्हतं. नकाशा कपाटात जाणार होता. खात्याचं कपाट मोठं होतं.

कुरणाचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता. पण फक्त वरून. पाय ओले करायची ही पहिलीच वेळ.

जीपच्या मागच्या सीटवरून तिची आई उतरली. लेक दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नेमकं काय करते, ते एकदा बघायचं म्हणून ती थर्मास घेऊन आली होती.

जीप लाल भागातच उभी होती; नकाशेवालीने तिथल्याच गवतातून जाळी फिरवली. जाळीत दव आलं, काही काड्या आल्या आणि एक गोगलगाय आली.

"हिचा रंग कोणता?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, अजून गारठा आहे. ऊन लागल्याशिवाय नाकतोडे हलत नाहीत, बुंध्याशी चिकटून बसतात. जरा थांबू या."

"फवारणी पहाटे होते, म्हणून पाहणीही पहाटेच. तसा आदेश आहे."

"आदेश कोणी काढला?"

"मीच," साहेब म्हणाले. आदेशापुढे आपलंही काही चालत नाही, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी वैमानिकाला लावायला फोन काढला.

"अहो, चहा घ्या आधी," आई मध्येच म्हणाली आणि त्यांच्या हातात कप देऊनच मोकळी झाली. "घरी कोण कोण असतं?"

"बायको, मुलगी, जावई."

"जावई घरीच? काय करतात?"

"काहीच नाही."

"मग बसा," आई म्हणाली.

साहेब जीपच्या पायरीवर बसले. जावयाचा विषय एका कपात मावणारा नव्हता. दुसऱ्या कपाला जावई उद्योगधंद्याच्या कल्पना सांगू लागला होता, तिसऱ्याला त्याने साहेबांची गाडी विकायला काढली होती. आई "अगंबाई" आणि "मग?" एवढंच म्हणत होती. नकाशेवाली सूर्याकडे पाहत होती. खात्यात इतकी वर्षं काढून ती पहिल्यांदाच कोणावर तरी विसंबली होती.

ऊन उतारावर आलं. मग जीपपाशी आलं. मग साहेबांच्या चहात काहीतरी पडलं.

चहातलं ते उडी मारून बाहेर आलं. पाठोपाठ पायाशी चट् झालं, बाजूला चट् झालं, आणि बघता बघता सगळं गवत फुटाण्यासारखं उडायला लागलं. नाकतोडे आईच्या पदरावर, साहेबांच्या टकलावर, बॉनेटवरच्या नकाशावर. पिकाची नासाडी करणाऱ्या किडीचं इतक्या आनंदाने स्वागत त्या कुरणात कधी झालं नसेल. नकाशेवाली दोन्ही हात वर करून ओरडत होती. काय, ते तिलाही नंतर आठवलं नाही.

साहेब नकाशा घेऊन तरातरा चालत गेले. नकाशावर लाल रंग संपतो, त्या जागी थांबले. एक पाऊल पुढे टाकलं: शांत. एक पाऊल मागे: चट् चट् चट्. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग त्यांनी आजूबाजूला कोणी वरिष्ठ नाही याची खात्री केली आणि दोन्ही पायांनी एकदम उडी मारली.

"इथे संपतात हो!" ते तिकडून ओरडले. "अगदी इथेच!"

जीपच्या पायरीवर राहिलेला साहेबांचा फोन वाजला. वैमानिक होता.

"तुम्हीच सांगा त्याला!" साहेब ओरडले. त्यांना मधे थांबायचं नव्हतं.

नकाशेवालीने फोन कानाला लावला. "फक्त लाल भाग," ती म्हणाली. हे वाक्य तिने आरशासमोर अनेकदा म्हणून पाहिलं होतं.

"बरं. निघू मग?"

आई गवतात खाली बसली होती. तळहातावरचा नाकतोडा तिने डोळ्यांजवळ धरला होता आणि तो पाय घासत होता.

"आज नको," नकाशेवाली वैमानिकाला म्हणाली. "उद्या. आज आई बघतेय."