टेबलाखालचा निकाल

टेबलाखाली पाय पुढे सरकवून परीक्षक लाथेची वाट बघत होता. समोर अँबर एल नावाच्या तांबूस बियरचा ग्लास. पलीकडे ती बनवणारा, पबातला मास्तर, घामाघूम. आणि शेजारी बायको. तिच्या तोंडाला सकाळपासून कुलूप.

शहरात कुठे नवी बियर आली की पेपरात याचा शब्द शेवटचा. सहाच्या खाली गुण पडले की ती पबाच्या नळावरून उतरलीच म्हणून समजा. आता गंमत ऐका. अकरा वर्षांपूर्वी सायनसचं ऑपरेशन झालं आणि याचं नाक कायमचं गेलं. गुलाब आणि सडका कांदा त्याला सारखेच. नाक होतं ते बायकोचं. ती थेंबभर प्यायची नाही. नुसता ग्लास हुंगायची आणि टेबलाखाली निकाल द्यायची. एक लाथ म्हणजे भिकार, दोन म्हणजे बरी, तीन म्हणजे फक्कड. 'भाजक्या धान्याचा दरवळ' वगैरे शब्द तेवढे याचे.

काल याला त्याच नाकाबद्दल पुरस्कार मिळाला. भाषणात यानं संपादकांचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, माइक लावणाऱ्याचेसुद्धा मानले. बायको पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता त्या माइकवाल्यालाच न्या बियर हुंगायला."

तरी आज ती आली होती. म्हणजे राग उतरला असणार, असं हा आपला धरून चालला. सवयीप्रमाणे त्यानं ग्लास तिच्या हातात दिला. तेवढ्यात मास्तर बोलायला लागला आणि याचं लक्ष तिकडे गेलं.

"साहेब, सांभाळून घ्या. मालक म्हणालेत, ही बियर पडली तर उद्यापासून मीही घरी."

बायकोनं ग्लास परत याच्यापुढे ठेवला. बायको फुगून बसली असली तर? लाथ नाही, तर निकाल नाही. आणि अकरा वर्षांचं बिंग इथेच फुटणार.

तोच नडगीवर लाथ बसली. मग दुसरी. तिसरी! याचा जीव भांड्यात पडला. चौथी! पाचवी! पाच तर आजवर कधीच बसल्या नव्हत्या. त्यानं मोठा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वा! भाजक्या धान्याचा दरवळ. मागून कॅरॅमल. शेवटी हलकासा कडवटपणा. साडेनऊ!"

मास्तर ताडकन उठला. खुर्ची मागच्या मागे पडली. "साडेनऊ!" तो किचनकडे बघून ओरडला. आतून टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी पातेलंही बडवलं. मालकाला सांगायला धावता धावता तो थांबला.

"माफ करा हं साहेब. टेन्शन आलं की माझा पाय थांबतच नाही. फार लागलं का?"

तो गेला. परीक्षकानं सावकाश मान वळवली. बायको खुर्चीवर मस्त मांडी घालून बसली होती. चपला खाली, पाय वर.

"अगं, म्हणजे तू…"

"मी अजून हुंगलेलीच नाही," ती म्हणाली. "आधी त्या गुणांच्या कागदावर माझं नाव लिहा. तुमच्या नावाच्या वर."

त्यानं लिहिलं. अक्षरही चांगलं काढलं. तिनं ते दोनदा वाचलं. मग पाय खाली सोडले, चपला घातल्या, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

एकच लाथ बसली. चपलेसकट.

ती बियरची होती की अकरा वर्षांची, हे विचारायची काही त्याची छाती झाली नाही.