रिकामी खोली

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं हात वर केला. टेक छान चालला होता, आणि चांगला चाललेला टेक तो कधी थांबवत नसे. सगळे ज्याला 'तोंडाळ' म्हणत, त्या नटानं हेडफोन काढले.

"काय झालं? ओठ जुळत नाहीत का?"

"ओठांचं नाही. तू बाहेर ये. फोन घे तुझा."

फोन बाहेरच्या टोपलीत होता. डबिंगच्या खोलीत फोन न्यायचा नाही, असा नियमच. त्यावर मेहुणीचे एकवीस कॉल होते. चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये काच बसवता बसवता त्याची बायको स्टुलावरून कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा तो पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत सातव्यांदा म्हणत होता, "आलोच, दोन मिनिटांत आलोच."

आठवडा गेला, तरी त्याला एका जागी बसवत नव्हतं. तो स्वयंपाकघरात जायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा, परत खोलीत यायचा.

"फिरू नका हो असे," सासूबाई म्हणाल्या. "मला दिसत नाही, तरी गरगरतंय."

सासूबाईंची नजर गेल्याला चार वर्षं झाली होती. 'तोंडाळ' हे नाव त्यांचंच. लग्नाआधी त्यांनी मुलीला विचारलं होतं, "हा तोंडाळ कुठून शोधलास गं?" मुलीनं ते हसत हसत त्याला सांगितलं, आणि त्यानं तेच नाव आपल्या रॅपला लावलं. पुढे ते नाव मालिकेत झळकलं, मग सिनेमाच्या पोस्टरवर चढलं. "बारसं मी केलंय," सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "पण मला कोण विचारतंय!"

आता त्या खुर्चीतून म्हणाल्या, "जावईबापू, एक मागू? तिचा आवाज ऐकवा एकदा. फोटो काय करू मी? तुमचा तर धंदाच आवाजाचा."

"त्यात काय मागायचं? आत्ता लावतो," तो म्हणाला आणि शोधायला बसला.

फोनमध्ये तिचे शेकडो निरोप होते, सगळे लिहिलेले. तो सतत रेकॉर्डिंगला, ऐकणार कधी? म्हणून ती लिहायची. व्हिडिओ ढिगानं होते. त्या सगळ्यांत तो होता, आणि कॅमेरा तिच्या हातात. शूटिंग करताना बोलायचं नाही, नंतर कापता येत नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. एका व्हिडिओत तिला हसू फुटतंय असं वाटलं. व्हिडिओ तिथंच संपला. तिचा फोन तिच्याबरोबरच पडून फुटला होता.

दोन दिवस त्यानं कपाटं उपसली. जुने फोन चार्ज केले. मेहुणीला विचारलं, दुकानात विचारलं. निर्मात्याचा फोन आला, "दोनच वाक्यं राहिलीत रे. कळतंय मला, पण तारीख लागलीये." तो "हो" म्हणाला आणि परत कपाटाकडे वळला.

तळाशी जुना कॉम्प्युटर सापडला. त्यात सुरुवातीची एक्केचाळीस गाणी होती, झोपायच्या खोलीत केलेली. खिडकीला गादी टेकवायची, पंखा बंद करायचा. प्रत्येक गाण्याआधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करायची. भिंतीची, दिव्याची, रस्त्याची जी काही बारीक घरघर असेल, ती कॉम्प्युटरला दाखवायची. मग कॉम्प्युटर तेवढी घरघर गाण्यातून पुसून टाकायचा. ही युक्ती त्याची. त्याच्या आवाजाचा स्वच्छपणा ऐकूनच मालिकावाल्यांनी त्याला बोलावलं होतं. 'बेडरूममध्ये केलंय हे? पटत नाही,' असं सिनेमावालेही म्हणाले होते.

ते दहा सेकंद वेगळे ठेवलेले होते. प्रत्येकाचं नाव एकच, 'रिकामी खोली', आणि पुढे आकडा. ते त्यानं कधी ऐकले नव्हते. ऐकायचं काय त्यात?

त्या वेळी ती पलंगाच्या कडेला बसायची, शब्दांची वही धरून. तो रॅप करताना अडखळायचा, म्हणून पानं तीच उलटायची, आवाज न करता. "श्वाससुद्धा नको," तो दटावायचा. ती गाल फुगवून डोळे मोठे करायची.

त्यानं आवाज पूर्ण वाढवून पहिली फाइल लावली. नुसती घरघर.

"सासूबाई, नाहीये हो," तो म्हणाला. "एक शब्द नाही तिचा. नुसती रिकामी खोली आहे."

"बघू तरी."

त्यानं हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि फाइल परत लावली. सासूबाईंनी मान कलती केली. मग त्यांनी हात वर केला, अगदी त्या रेकॉर्डिस्टसारखा.

"रिकामी कुठली? बसलीये की ती. लहानपणापासून एक नाकपुडी चोंदलेली तिची. शिट्टी ऐका, बारीक."

त्यानं हेडफोन घेतले. घरघरीच्या मागं एक बारीक शिट्टी होती. येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. दुसऱ्या फाइलमध्येही होती. दहाव्यातही.

त्या दुपारी सासूबाईंनी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फाइली ऐकल्या. संपल्या की म्हणायच्या, "पहिल्यापासून लावा."

डबिंगची दोन वाक्यं त्यानं पुढच्या आठवड्यात देऊन टाकली. सिनेमा लागला, चालला. ती एक्केचाळीस गाणी अजून सगळीकडे वाजतात, तशीच, स्वच्छ. घरघरीबरोबर पुसली गेलेली ती शिट्टी त्यांत परत घालायची राहिली आहे.