चाळीस मिनिटं

नागूबाई पोलीस कचेरीतल्या बाकावर टेकल्या आणि नेहमीसारखी पानाची चंची सोडून बसल्या. दर सोमवारी त्या होटगीहून यायच्या. दोन वर्षांपूर्वी घरातून गेलेला त्यांचा मुलगा ईश्वर बेवारस मृतदेहांच्या यादीत नाही ना, एवढंच विचारायला.

“लाव की पोरी तुझं ते,” त्या संगणकासमोरच्या प्रतिक्षाला म्हणाल्या.

ते म्हणजे दोन याद्यांची जुळणी. एकीत हरवलेली माणसं, दुसरीत ओळख न पटलेले मृतदेह. त्यासाठी प्रतिक्षाने संगणकाला लिहून दिलेली आज्ञा, तिची जुनी क्वेरी, तशी बावळटच. प्रत्येक हरवलेल्याला ती प्रत्येक मृतदेहासमोर उभं करायची, बाई की पुरुष हेसुद्धा न बघता. त्यात चाळीस मिनिटं जायची. तेवढ्यात नागूबाईंचा चहा व्हायचा. सहाव्या बोटावरून पोरं चिडवायची म्हणून ईश्वर शाळा कशी बुडवायचा, हे सांगून व्हायचं. शेवटी ‘कुणी नाही’ ऐकलं की त्या हसत एसटी गाठायच्या.

तिचे वरिष्ठ महेश्वर सर, त्यांना हे बघवेना. “आधी चाळा, मग जोडा,” ते म्हणाले. म्हणून शनिवारी प्रतिक्षाने क्वेरी नव्याने लिहिली. आधी वय, उंची, तारीख बघून नको ते गाळायचं आणि उरलेल्या दोघाचौघांच्याच खुणा ताडायच्या. सरांनी पाठ थोपटली. कुर्डुवाडीकडे सापडलेल्या मृतदेहांच्या राहिलेल्या नोंदीही तिने त्याच दिवशी चढवल्या.

आज तिने नव्या क्वेरीचं बटण दाबलं. दोन सेकंद लागले. एक ओळ आली.

पुरुष, अंदाजे तीस. रुळांलगत सापडला. डाव्या हाताला सहा बोटं.

प्रतिक्षाने ती परत वाचली. असं काही आलं तर आपल्याला रडू फुटेल, असं तिला कायम वाटायचं. काहीच फुटलं नाही. पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर कुणीतरी शिक्के मारत होतं.

“झालं का गं?” नागूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

प्रतिक्षाने ती ओळ बंद केली. जुनी क्वेरी शोधून काढली आणि चालू केली.

“नाही मावशी. चाळीस मिनिटं लागतील. चहा सांगते.”

“सांग की,” नागूबाई म्हणाल्या आणि बाकावर पाय वर घेऊन त्यांनी मांडी घातली. “मला कुटं घाई हाय?”