रिकामी खाडी

"यंत्रांनी शतकातलं सगळ्यात मोठं वादळ वळवलंय! आता ते वेताळखाडीत शिरेल. तिथं वस्ती नाही," भोंग्यातून आवाज आला. बंदरावर बाया नाचू लागल्या.

चांगुणा मात्र धावत वादळकेंद्रात शिरली. "सायेब, परत फिरवा! वारा उठला की आमच्या होड्या त्याच खाडीत लपतात. बापजाद्यांपासून!"

साहेबांच्या नकाशात खाडी निर्मनुष्य होती. "बाई, वादळ एकदाच वळतं."

तेवढ्यात वायरलेसवर तिचा नवरा जोमा बोलला, "चाळीस होड्या खाडीत शिरल्या गं. आता घोर नको."

"अवो, बाहेर पडा! दर्यात पळा!"

जोमा हसला. "येडी का तू? वादळात दर्यात कोण जातं?"

त्याच्या हसण्यामागे तिवरांची झाडं कडाकडा मोडू लागली होती.