दसऱ्याचा विसावा

द्वारका सर्कलजवळच्या कॉलसेंटरमध्ये प्रतिभा दिवसभर अनोळखी लोकांचं बिघडलेलं वायफाय गोडीगुलाबीनं सुरू करून द्यायची. दसऱ्यालाही सुट्टी नव्हती, म्हणून तिनं सिन्नरजवळच्या गावी आईला व्हिडिओ कॉल केला. लागेना. मग साधा फोन लावून कडाडली, “राउटरचे दिवे लागलेत का?” “नाय गं, एकबी नाय.” “म्हणजे वायर उपटलीस! कितीदा सांगितलं, त्याला हात लावू नकोस!” आई चाचरत म्हणाली, “आज दसरा ना. इळ्या-खुरप्यासंगं त्यालाबी पाटावर मांडलं, झेंडू वाह्यला. पुजलेल्या हत्याराला आज हात लावत नाय. वरीसभर तुझ्या फोनसाठी जागंच ऱ्हातं बिचारं. थांब, जोडते.” “राहू दे, आई...” प्रतिभा नरमली, पण आईनं फोन ठेवला होता. थोड्या वेळानं व्हिडिओ लागला. आई राउटरपुढं हात जोडून म्हणत होती, “माफ कर बाबा, पोर चिडली म्हणून उठवलं.”