हातावरचा चीक

"हात पुढे कर," तिन-पाक म्हणाला.

तरण्या कितने बाही वर सारली. तिन-पाकच्या वाटीत रोगणाचा कच्चा चीक होता, झाडावरून काढलेला. बिब्ब्यासारखाच उततो तो. नवख्याला लागला की दोन दिवसांत हात कोहळ्याएवढा होतो, डोळे मिटतात. रोगणवाल्याच्या घरात जन्मलेल्याला मात्र काही होत नाही. आमच्या कँटनच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे.

"भावजी, हे नका करू," सुत-मुई म्हणाली. "माझा मुलगा आहे, मी सांगते ना."

"वहिनी, सहा वर्षांचं पोर हरवलं, त्याला वीस वर्षं झाली. आता कोणी दाढीवाला येतो, आई म्हणतो, आणि तुम्ही लगेच भात वाढता. मीही येऊ का आई म्हणत?"

कारागीर हसले. सुत-मुई नाही हसली.

तिन-पाकने काडीने कितच्या मनगटावर चीक फासला.

सुत-मुईचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. वारस ठरला तर कारखाना कितचा, नाहीतर दीर तिन-पाकचा. आणि लबाड ठरला तर कितला मारून गल्लीबाहेर काढायचं, असं कुळातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. सुत-मुईला कारखान्याचं काही पडलं नव्हतं. तिला पोरगा हवा होता.

काम थांबवून चालणार नव्हतं. गोऱ्यांचं लिहायचं मेज अर्धवट होतं आणि उत्तरेचा वारा धरून जहाज सुटणार होतं. कोरड्या हवेत रोगण वाळत नाही, म्हणून सुत-मुई खोलीत ओली फडकी टांगत होती. दर खेपेला कितच्या हाताकडे बघत होती.

कितने कुंचला उचलला आणि मेजाच्या काळ्या दारावर सोनेरी पूल काढला. रेघ जरासुद्धा हलली नाही.

"वीस वर्षं मिठाच्या होडीवर होता म्हणे," एक कारागीर म्हणाला. "बघा, रक्तातच आहे."

"रक्त हातावर दिसेलच," तिन-पाक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुत-मुई कितच्या खाटेपाशी आली.

"खाजतंय?"

"नाही."

"डोळे जड वाटतायत?"

"नाही, आई."

तिने त्याचं मनगट दाबून पाहिलं. "थोडं जरी खाजलं तरी मला सांग. फक्त मला. मी लपवीन."

"अगं, खरंच काही नाही."

ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी म्हातारे जमले. कितने बाही वर केली. चिकाचा काळा डाग तेवढा होता, कातडी साफ. एकही फोड नाही.

तिन-पाकने स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि कितपुढे सरकवला. "घे, पुतण्या."

सुत-मुई बाहीत तोंड लपवून रडायला लागली. "रडू द्या तिला," एक म्हातारा म्हणाला. "वीस वर्षांचं साचलंय."

सगळे गेले. कित तिच्याजवळ येऊन बसला.

"आई, आता कशाला रडतेस? जिंकलो ना आपण."

सुत-मुईने डोळे पुसले. दार लोटलंय ना, ते पाहिलं.

"माझ्या कितचं अंग रोगणाच्या नुसत्या वासाने उतायचं," ती म्हणाली. "त्याची लाज वाटली म्हणून त्याच्या बापाने त्याला एका होडीवाल्याला देऊन टाकलं, आणि गल्लीत सांगितलं, पोर हरवलं."