टाके निघेपर्यंत

"टाके निघेपर्यंत त्यांना काही कळता कामा नये," लीलाबाई स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाल्या.

"पण आई, त्यांनी सीधा विचारलं तर?" कुणाल म्हणाला.

"तर हसून विषय बदलायचा. तुला चेहरा लपवता येत नाही, तेव्हा समोर जास्त थांबूच नकोस."

मधल्या खोलीत देवदत्तशास्त्री डोळे मिटून पडले होते. त्यांना झोप लागली आहे, असा घरच्यांचा समज होता. त्यांनी जांघेवरच्या पट्टीवर हलकेच तळवा ठेवला. हर्नियाचे साधे ऑपरेशन, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण पोट उघडल्यावर आत आणखी काय दिसले, हे रुग्णाला कोण सांगणार?

दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. दुसऱ्यांच्या घरातला मृत्यू त्यांनी रोज शांतपणे हाताळला होता. आता मात्र कुजबुज ऐकताच त्यांचे तळपाय गार पडत होते.

विष्णुदादाचे ऐकायला हवे होते, असे त्यांना सारखे वाटे. थोरला भाऊ विष्णू पुढच्याच गल्लीत, दुर्गाघाटाजवळ एकटा राहत असे. त्याने लग्न केले नव्हते. हर्निया त्यालाही होता आणि तो वर्षानुवर्षे चामडी पट्टा बांधून घाटाच्या पायऱ्या चढत-उतरत होता. "आँत फँस गई तो समय नहीं मिलेगा," आतडे अडकले तर उपचाराला वेळच मिळणार नाही, असे डॉक्टरांनी दोघांनाही बजावले होते. देवदत्तशास्त्री घाबरून तयार झाले. दादा मात्र हसला.

"पोट म्हणजे काय धोतर आहे का देवा, फाटलं की शिवायला?" इस्पितळात जाण्याच्या सकाळी तो दारात उभा राहून म्हणाला होता. "कापून घेतलंस, तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

तो शब्दाचा पक्का निघाला. रोज गंगास्नानाला जाताना तो खिडकीच्या गजावर काठी वाजवत असे. देवदत्तशास्त्री घरी परतल्यापासून ती काठी एकदाही वाजली नव्हती.

"रुसलेत," लीलाबाईंनी मागे वळून न पाहता सांगितले होते. "तुम्हांला का त्यांचा स्वभाव नवा आहे?"

घरात बाकीही बरेच बदलले होते. हिंग-मोहरीचा वास नाहीसा झाला होता; देवदत्तशास्त्रींच्या ताटात फोडणी नसलेले वरण येई आणि बाकीचेही तेच जेवत. "तुमच्यासाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं कुठे करत बसू?" लीलाबाई म्हणत. देवपूजेला दूधविनायक मोहल्ल्यातल्या ओळखीच्या नंदाताई येऊ लागल्या होत्या. चहाशिवाय या घरातून कधी न हललेल्या नंदाताई आता पूजा उरकून पाण्याचा घोटही न घेता निघून जात. मरणाऱ्याच्या घरात कोणाला बसवेल, असे देवदत्तशास्त्रींच्या मनात येई.

थंडी कडाक्याची होती. धुके दुपारपर्यंत गल्लीतून हलत नव्हते आणि कुणाल घरातही कानटोपी काढत नव्हता. तरीही तो आपली खाट सोडून वडिलांच्या पलंगाशी, जमिनीवर घोंगडी टाकून झोपत होता. त्याने बँकेतून रजा घेतली होती. केवळ हर्नियासाठी मुलगा इतकी रजा घेईल का?

"मला काय झालंय, कुणाल?" एका सकाळी त्यांनी विचारले.

कुणाल हसला. ते हसू पाहून देवदत्तशास्त्रींच्या अंगावर काटा आला.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहून मान डोलावली. "बहुत बढ़िया भरा है, शास्त्रीजी."

"डॉक्टर साहब, मेरे बड़े भाई को भी समझाइए. अब भी पट्टा बाँधे घूमते होंगे."

डॉक्टरांची कात्री थांबली. त्यांनी कुणालकडे पाहिले. कुणाल खिडकीबाहेर पाहत होता.

"आप अभी अपना ध्यान रखिए," डॉक्टर म्हणाले.

कपडे नीट करून देवदत्तशास्त्री पडद्यापाशी आले, तेव्हा पलीकडून डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. "अब बता दीजिए. और छिपाना ठीक नहीं."

त्यांनी पडदा मुठीत घट्ट धरला.

परतीच्या वाटेवर दादाच्या गल्लीचे वळण आले आणि ते थांबले. "आधी दादाकडे जाऊ."

कुणालने त्यांचा दंड धरला. "पहले घर चलिए, बाबा. प्लीज."

लीलाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला पलंगावर बसवले आणि पाठीशी उशी दिली.

"कॅन्सर आहे ना?" देवदत्तशास्त्रींनी विचारले. "डॉक्टर काय बोलले, ते मी ऐकलंय."

लीलाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "अहो, तुम्हांला काहीएक झालेलं नाही. तुम्ही खडखडीत आहात."

"आता तरी खोटं बोलू नकोस. फक्त आधी दादाला बोलावून आणा. रुसला असला, तरी माझ्यासाठी येईल तो. त्याचा हात हातात असला, की काय असेल ते ऐकेन मी."



मग कुणाल त्यांच्या पायांशी बसला आणि त्याने कानटोपी काढली. डोके गुळगुळीत होते. मागे तेवढी शेंडी राखलेली.

लीलाबाईंनी फडताळातून एक जुना चामडी पट्टा काढला आणि नवऱ्याच्या हातात ठेवला.

"तुम्हांला वजन उचलायची मनाई होती," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही खांदा दिल्याशिवाय राहिला नसतात."